मधुमेहाच्या पथ्याची पार्श्वभूमी

मधुमेहाचे निदान झाले की मराठी घरात पहिला निकाल भाताचा लागतो. भात बंद, बटाटा बंद, साबुदाणा बंद, साखर तर नावालाही नको, आणि दर दोन-तीन तासांनी मात्र पोटात काहीतरी हवे. हे नियम एकाच कागदावर एकाखाली एक लिहिलेले असल्याने ते एकाच शास्त्रातून आले असावेत असा समज होतो. प्रत्यक्षात ते निरनिराळ्या काळांत तयार झाले असून, त्यांतील काही नियम ज्या अडचणीपोटी निघाले ती अडचण बहुतेक रुग्णांपुरती केव्हाच दूर झाली आहे.

आपल्याकडची सर्वांत जुनी मांडणी चरक आणि सुश्रुत संहितांतील. बसून राहण्याचे आणि झोपेचे सुख, दही, दूध, नवे धान्य व गुळाचे पदार्थ ही चरकसंहितेने सांगितलेली प्रमेहाची, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या मूत्रविकारांची, कारणे आहेत. तिने रुग्णांचे दोन गट केले हे अधिक महत्त्वाचे: स्थूल व बलवान रुग्णाचे शोधन (वमन, विरेचन अशी शरीरशुद्धी) करावे, कृश व दुर्बल रुग्णाचे पोषण करावे. धान्यांत प्राधान्य जवाला होते. सुश्रुताने तर निर्धन रुग्णाला अनवाणी, छत्रीशिवाय, भिक्षेवर राहून शंभर योजने चालण्यास सांगितले, आणि इतरांना शेत नांगरण्यास किंवा विहीर खणण्यास. यातील अनवाणी चालणे आजचा कोणताही डॉक्टर मान्य करणार नाही, कारण मधुमेहात पायाची संवेदना कमी होऊन न कळलेली जखम चिघळते. बाकीचा सल्ला मात्र फारसा शिळा झालेला नाही.

आज रुग्णालयात मिळणाऱ्या पथ्याच्या तक्त्याची वंशावळ मात्र युरोपात सुरू होते. लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सन यांनी १७७६ मध्ये रुग्णाची लघवी आटवून तीत साखर असल्याचे दाखवले. ही साखर पोटात वनस्पतिजन्य अन्नापासून तयार होते, असा निष्कर्ष ब्रिटिश तोफखान्यातील शल्यवैद्य जॉन रोलो यांनी काढला आणि १७९७ मध्ये आपला आहार प्रसिद्ध केला. कॅप्टन मेरेडिथ या स्थूल अधिकाऱ्याला त्यांनी रक्त व चरबीचे पुडिंग आणि जुने, खवट झालेले चरबीयुक्त मांस खायला लावले. मेरेडिथचे वजन उतरले, साखरही उतरली. श्रेय मांसाचे होते की कमी खाण्याचे, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. असल्या ताटावर माणूस पोटभर जेवेल असे वाटत नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर युद्धाने दिले. १८७०-७१ मध्ये पॅरिसला वेढा पडला, शहरात अन्नाचा तुटवडा झाला, आणि अपोलिनेर बुशार्दा या वैद्याच्या लक्षात आले की आपल्या रुग्णांच्या लघवीतील साखर नाहीशी होत आहे. शक्य तितके कमी खा आणि अंगमेहनत करा, हा त्यांचा उपदेश पुढे युरोपभर गेला. नेपल्सच्या कँतानी यांनी त्यावर कडी करून, चोरून खाऊ नये म्हणून रुग्णांना खोलीत कोंडले. याच्या उलट दिशेनेही प्रयोग झाले. कार्ल फोन नूर्डन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ओटचा आहार पुढे आणला, तर आणखी कोणी बटाट्याचा, कोणी भाताचाही. यांतील प्रत्येकाला काही रुग्ण सुधारलेले दिसले, कारण मधुमेह हा एकच रोग नाही हे अजून स्पष्ट व्हायचे होते.

या साऱ्याचे टोक न्यूयॉर्कला गाठले गेले. रॉकफेलर संस्थेतील फ्रेडरिक अ‍ॅलन यांनी १९१४ च्या सुमारास उपासमारीची पद्धत बसवली. लघवीतील साखर जाईपर्यंत पूर्ण उपवास, मग थोड्या भाज्या, त्यानंतर मोजून अंडी किंवा मांस, आणि साखर पुन्हा दिसली की पुन्हा उपवास. भाज्यांतील उरलासुरला पिष्टांश जावा म्हणून त्या तीनदा उकळून पाणी फेकून दिले जाई. बारा वर्षांच्या एका अंध मुलाच्या लघवीत कडक पहाऱ्यातही साखर येत राहिली, तेव्हा उलगडा झाला की तो टूथपेस्ट खात होता, आणि हट्टाने मागून घेतलेल्या कॅनरी पक्ष्याच्या पिंजऱ्यातील दाणेही. अ‍ॅलन क्रूर नव्हते. रक्तातील साखर उतरवणारे इन्सुलिन हे औषध नसताना अशा मुलांपुढे लवकर मरण किंवा उपासमारीने लांबवलेले आयुष्य एवढेच पर्याय होते. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांची मुलगी एलिझाबेथ या आहारावर तीन वर्षे तगली. पंधराव्या वर्षी तिचे वजन सुमारे २० किलो होते. ऑगस्ट १९२२ मध्ये तिला टोरांटोत इन्सुलिनच्या शोधकर्त्यांपैकी एक असलेल्या बँटिंग यांच्याकडे ते मिळाले आणि ती १९८१ पर्यंत जगली.

भात-बटाट्याबद्दलची धास्ती ही मुख्यतः या इन्सुलिनपूर्व सव्वाशे वर्षांची देणगी आहे. इन्सुलिन आल्यावरही आहारात धान्य परत यायला वेळ लागला. १९३० च्या दशकात माँट्रियलमध्ये रॅबिनोविच आणि लंडनमध्ये हिम्सवर्थ या डॉक्टरांनी कर्बोदके (धान्य-बटाट्यातील पिष्ट व साखर) वाढवून दिली, तेव्हा कुठे जुना दंडक सैल झाला. थोडे थोडे पण वारंवार खाण्याचा नियम याच सुमारास रुजला. १९३६ पासून दीर्घकाळ काम करणारी इन्सुलिने वापरात आली. ती दिवसभर साखर उतरवत राहत, म्हणून दोन जेवणांच्या मध्ये आणि झोपण्यापूर्वी काही खाणे भाग होते. ही अन्नाची नव्हे, औषधाची गरज होती. मात्र इन्सुलिन न घेणाऱ्या, वजन वाढलेल्या रुग्णांनाही तोच नियम लागू झाला आणि मारी बिस्किटाला पथ्याचा दर्जा मिळाला.

१९५० मध्ये अमेरिकेत अदलाबदलीच्या याद्या आल्या आणि प्रत्येक घास तोलण्याची गरज संपली. दूध, भाजी, फळ, धान्य, मांस व स्निग्ध अशा सहा गटांतील पदार्थ त्या त्या गटात ठरलेल्या मापाने बदलून घेता येऊ लागले. भारतीय अन्नासाठी असे हिशोब मांडायला लागणारा पाया पोषणतज्ज्ञ अ‍ॅक्रॉइड यांनी कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून १९३७ मध्ये काढलेल्या पोषणमूल्यांच्या पुस्तिकेने घातला होता; हीच प्रयोगशाळा पुढे हैदराबादला राष्ट्रीय पोषण संस्था झाली. एका लहान फुलक्याऐवजी अर्धी वाटी शिजलेला भात, हे आहारतज्ज्ञ आज सांगतात ते गणित याच परंपरेतले. त्यात भाताला बंदी नाही, वाटीला मर्यादा आहे. १९८१ मध्ये टोरांटोच्या डेव्हिड जेन्किन्स यांनी ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे कोणता पदार्थ रक्तातील साखर किती वाढवतो याचा निर्देशांक, मांडला, तेव्हा बटाट्याने आइस्क्रीमपेक्षा रक्तातील साखर अधिक वाढते असे दिसले आणि ‘गोड ते वाईट’ हा सोपा नियमही अडचणीत आला.

महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी, डॉ. श्रीकांत जिचकार यांचा दाखला देत, दिवसातून दोनदाच जेवण्याचा पुरस्कार केला आणि वारंवार खाण्याच्या सल्ल्याशी त्याचा उघड सामना झाला. वजन उतरवण्याचा मुद्दा मात्र ब्रिटनमधील डायरेक्ट चाचणीने अधिक काटेकोरपणे तपासला. तीत तीन ते पाच महिने रोज सुमारे ८५० कॅलरींचा द्रव आहार देण्यात आला. वर्षाअखेर ४६ टक्के रुग्णांचा मधुमेह औषधांविना आटोक्यात होता, आणि १५ किलो किंवा त्याहून अधिक वजन घटवलेल्यांत हे प्रमाण ८६ टक्के निघाले. मात्र तीत निदान होऊन सहा वर्षांपेक्षा अधिक काळ लोटलेले किंवा इन्सुलिन घेणारे रुग्ण नव्हते, आणि मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या गोळ्या आहार सुरू होतानाच देखरेखीखाली थांबवल्या होत्या. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू ठेवून परस्पर जेवणे कमी करणाऱ्याला साखर फार खाली जाण्याचा धोका आहे तो नेमका येथे, आणि म्हणून औषधाची मात्रा आधी डॉक्टरांकडून बदलून घ्यावी लागते.