एबिंगहाउस आणि विसरण्याचे मोजमाप

शिकलेल्यापैकी जवळजवळ सत्तर टक्के भाग माणूस एका दिवसात विसरतो, हे विधान आता इतके सर्वत्र पसरले आहे की अभ्यासतंत्रावरच्या लेखांत, कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांत आणि स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शनात ते पुराव्याविना उच्चारले जाते. सोबत बहुधा एक आलेख असतो. त्याची रेषा आधी कड्यासारखी कोसळते आणि पुढे जवळजवळ आडवी होते. हा आलेख हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाच्या नावावर सांगितला जातो आणि त्यामागचे आकडे खरोखरच त्याचे आहेत. मात्र त्याने मोजली ती विस्मृती नव्हे. दुसऱ्यांदा शिकताना किती वेळ वाचतो, हे त्याने मोजले होते. हा फरक वरवर बारीक दिसला, तरी त्याच्या कामाचा सगळा कस त्यातच आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मन मोजता येते असे म्हणणेच धाडसाचे होते. १८६० साली गुस्टाव्ह फेख्नर यांनी मनोभौतिकीवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि उद्दीपक किती वाढला म्हणजे संवेदनेत फरक जाणवतो, याचे गणिती नियम मांडले. १८७९ साली विल्हेल्म वुंट यांनी लाइप्झिग येथे प्रयोगशाळा उभारली आणि प्रायोगिक मानसशास्त्राला विद्यापीठात हक्काची जागा मिळाली. परंतु या प्रयोगांची धाव संवेदना, अवधान आणि प्रतिक्रियाकाल यांच्यापुरती होती. विचार आणि भाषा यांसारख्या उच्च मानसिक प्रक्रियांना प्रयोगाने हात घालता येणार नाही, असे स्वतः वुंट यांचे मत होते. स्मृतीविषयी तत्त्वज्ञांनी ॲरिस्टॉटलपासून पुष्कळ लिहिले होते आणि कल्पनांच्या साहचर्याचा, म्हणजे एक कल्पना तिच्याशी जोडलेली दुसरी जागवते असा, सिद्धान्त इंग्लंडमध्ये चांगला रुजला होता, पण ‘किती’ हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

तो विचारणाऱ्या एबिंगहाउसचा जन्म २४ जानेवारी १८५० रोजी ऱ्हाइन प्रांतातील बार्मेन या गावी एका व्यापारी कुटुंबात झाला. सतराव्या वर्षी तो बॉन विद्यापीठात गेला. ओढा आरंभी इतिहास आणि भाषाशास्त्राकडे होता, तो हळूहळू तत्त्वज्ञानाकडे वळला. शिक्षणाचा काही काळ हाले आणि बर्लिन येथे गेला. १८७० साली फ्रान्सशी युद्ध पेटल्यावर त्याला प्रशियाच्या सैन्यात दाखल व्हावे लागले. परत आल्यावर १८७३ साली त्याने बॉन येथे डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाचा विषय एदुआर्द फॉन हार्टमान यांचे अबोधाविषयीचे, म्हणजे जाणिवेबाहेरच्या मनाविषयीचे, तत्त्वज्ञान हा होता. प्रयोगाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता.

पुढची काही वर्षे त्याने इंग्लंड आणि फ्रान्समध्ये शिकवण्या करत, वाचन करत काढली. याच काळात पॅरिसमधल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात फेख्नर यांचा ग्रंथ त्याच्या हाती लागला, असे त्याच्या चरित्रात नेहमी सांगितले जाते. दुकान कोणते आणि दिवस कोणता याला फारसे महत्त्व नाही. महत्त्व आहे ते त्या वाचनातून त्याला पडलेल्या प्रश्नाला: संवेदनेला जी शिस्त लावता आली, ती स्मृतीला का लावता येऊ नये? पुढे आपला मोठा ग्रंथ त्याने फेख्नर यांनाच अर्पण केला. वुंट यांच्या प्रयोगशाळेत तो शिकलेला नव्हता आणि कोणी गुरू त्याच्या पाठीशी उभा नव्हता. १८७९–८० मध्ये त्याने प्रयोग सुरू केले तेव्हा त्याच्यापाशी प्रयोगशाळा नव्हती, सहायक नव्हता, प्रयोगाला बसणारे विद्यार्थीही नव्हते. प्रयोग करणाराही तोच आणि ज्याच्यावर प्रयोग व्हायचा तोही तोच.

पहिली अडचण सामग्रीची होती. कविता किंवा गद्य पाठ करायला घेतले, तर एखादी ओळ आवडते, एखादा शब्द जुनी आठवण जागवतो, यमक आपोआप पुढच्या चरणाकडे नेते. मग पाठांतराला लागलेला वेळ नेमका कशामुळे लागला, हे वेगळे काढता येत नाही. म्हणून त्याने व्यंजन-स्वर-व्यंजन अशा घडणीची अक्षरे तयार केली. आरंभी येऊ शकणारी १९ व्यंजने, मधले ११ स्वर आणि शेवटी येऊ शकणारी ११ व्यंजने यांची सर्व जुळणी केली की २,२९९ अक्षरे होतात. त्याच्या पुस्तकात दिलेला सुमारे २,३०० हा आकडा असा आला आहे. या अक्षरांची सरमिसळ करून, हाताला येतील तशी घेऊन त्यांच्या माळा बनवायच्या, अशी त्याची रीत होती. या अक्षरांना पुढे सरसकट ‘निरर्थक अक्षरे’ हे नाव पडले. प्रत्यक्षात त्यांतल्या काहींना जर्मन भाषेत अर्थ होता आणि त्याने ती मुद्दाम गाळलीही नाहीत. माळेतल्या एका अक्षराचा पुढच्याशी अर्थाने संबंध नसावा, एवढीच त्याची गरज होती.

दुसरी अडचण स्वतःची. जो माणूस प्रयोगाचा हेतू जाणतो, तोच तो प्रयोग स्वतःवर करतो, तेव्हा मनाच्या खोड्यांना लगाम घालावाच लागतो. एबिंगहाउसने स्वतःला घातलेले नियम वाचताना एखाद्या पाठशाळेची आठवण होते. माळ प्रत्येक वेळी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची, मधलाच अवघड तुकडा वेगळा घोकायचा नाही. वाचण्याचा वेग मिनिटाला १५० ठोके, म्हणजे एका अक्षराला ०.४ सेकंद. त्यासाठी आधी तालयंत्र वापरले, नंतर घड्याळाची टिकटिक. एक माळ संपली की १५ सेकंद थांबून नोंद करायची आणि मग पुढची घ्यायची. अक्षरांना कल्पनेने अर्थ चिकटवण्याच्या युक्त्या निषिद्ध. प्रयोगाच्या वेळा ठरलेल्या आणि प्रयोगांच्या काळात दिनक्रमातही शक्य तितका सारखेपणा. १८७९–८० चे प्रयोग त्याने १८८३–८४ मध्ये पुन्हा पडताळून पाहिले आणि १८८५ साली ‘स्मृतीविषयी’ अशा साध्या नावाचे छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध केले. अत्यंत जुन्या विषयातून अत्यंत नवे शास्त्र घडवतो आहोत, अशा अर्थाचे लॅटिन वचन त्याने आरंभी घातले होते.

तिसरी अडचण सर्वांत मोठी होती आणि तिच्यावरचा त्याचा तोडगा हीच त्याची खरी देणगी. लहानपणी पाठ केलेले एखादे स्तोत्र आज आठवू लागलो, तर कदाचित पहिली ओळसुद्धा येणार नाही. मग ते पूर्ण पुसले गेले असे म्हणायचे का? पण तेच स्तोत्र पुन्हा पाठ करायला घेतले, तर अगदी नव्या स्तोत्राला लागेल त्याहून कमी वेळ लागतो, हा अनुभव पुष्कळांचा असतो. एबिंगहाउसने हाच अनुभव मापनाच्या जागी बसवला. पहिल्यांदा पाठ करायला समजा १,००० सेकंद लागले आणि काही काळानंतर तेच पुन्हा पाठ करायला ६६० सेकंद पुरले, तर ३४० सेकंद, म्हणजे ३४ टक्के, वाचले. याला त्याने बचत म्हटले. आठवते की आठवत नाही या होय-नाही स्वरूपाच्या प्रश्नाऐवजी आता एक सलग मोजपट्टी हाती आली. तिच्यावर जाणिवेच्या उंबरठ्याखाली गेलेली स्मृतीसुद्धा मोजता येत होती. अबोधावर प्रबंध लिहिलेल्या माणसाला ही युक्ती सुचावी, यात मला तरी योगायोगापेक्षा काही अधिक दिसते, पण तो तर्क झाला.

या मोजपट्टीने त्याने बरेच काही मोजले. सात अक्षरांची माळ त्याला एकदाच वाचून म्हणता येत होती. बारा अक्षरांना सरासरी १६.६ वाचने लागली, सोळांना ३०, चोविसांना ४४ आणि छत्तिसांना ५५. सातावरून बारावर जाताना कष्ट एकदम वाढतात, हे त्यातून प्रथमच आकड्यांत दिसले. आज केलेल्या दर तीन जादा वाचनांमागे उद्या साधारण एक वाचन कमी लागते, असा हिशेबही त्याने मांडला. तुलनेसाठी इंग्रज कवी बायरनच्या ‘डॉन जुआन’ या काव्यातील कडवी घेतली, तेव्हा अर्थ, लय आणि यमक यांच्या जोरावर ती निरर्थक माळांच्या सुमारे एक दशांश श्रमात पाठ झाली. माळेतली एक, दोन, तीन किंवा सात अक्षरे ओलांडून नवी माळ रचली, तरी ती शिकताना थोडी बचत होतेच, हेही त्याने दाखवले. अक्षराची गाठ लगेच पुढच्याशीच बसते असे नाही, दूरच्या अक्षरांशीही बारीक धागे जुळतात.

घोकंपट्टीच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी ठरावा असा निष्कर्ष मात्र प्रसिद्ध आलेखाच्या सावलीत राहिला. बारा अक्षरांच्या माळा एकाच दिवशी लागोपाठ ६८ वेळा वाचून दुसऱ्या दिवशी जो परिणाम मिळाला, तोच परिणाम तीन दिवसांत विभागलेल्या ३८ वाचनांनीही मिळाला. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून केलेल्या अभ्यासाविरुद्ध इतका नेमका पुरावा १८८५ पासून छापील स्वरूपात उपलब्ध आहे.

आता त्या आलेखाकडे. १८७९–८० मध्ये एबिंगहाउसने १३ अक्षरांच्या आठ माळांचा एक संच, अशा १६३ जोडचाचण्या केल्या. प्रत्येक संच पाठ करायचा आणि ठरावीक काळाने तोच पुन्हा पाठ करायचा. १९ मिनिटांनंतर बचत ५८.२ टक्के होती, सुमारे तासाभरानंतर ४४.२, पावणेनऊ तासांनंतर ३५.८, एका दिवसानंतर ३३.७, दोन दिवसांनंतर २७.८, सहा दिवसांनंतर २५.४ आणि ३१ दिवसांनंतर २१.१. या आकड्यांना त्याने काळाच्या लॉगॅरिथमवर आधारलेले एक सूत्रही बसवून दाखवले. प्रचलित विधानातले ‘सत्तर टक्के’ बहुधा एका दिवसानंतरच्या ३३.७ या आकड्याची उलट बाजू असावी. परंतु बचत ३३.७ टक्के झाली म्हणजे उरलेले ६६.३ टक्के ‘विसरले’ असे होत नाही, आणि तिशीच्या उंबरठ्यावरच्या एका जर्मन पंडिताने पाठ केलेल्या अर्थशून्य माळांचा आकडा व्याख्यानाला किंवा धड्याला जसाच्या तसा लावता येत नाही. बायरनच्या कडव्यांचा त्याचा स्वतःचाच प्रयोग याविरुद्ध साक्ष देतो.

पुस्तकाचे स्वागत चांगले झाले. अमेरिकेत विल्यम जेम्स यांनी १८९० च्या आपल्या ग्रंथात त्याची दखल घेतली आणि ग्योटिंगेन येथे गेओर्ग एलियास म्युलर यांनी ही पद्धत यंत्रांच्या साहाय्याने अधिक काटेकोर केली. टीका पुढे झाली. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली असा आक्षेप घेतला की अर्थ काढून टाकला की स्मृतीचे स्वाभाविक रूपच नाहीसे होते आणि उरते ती केवळ सवय. आक्षेप खरा आहे. मात्र बार्टलेट ज्या प्रांतावर वाद घालत होते तो प्रयोगाचा प्रांत आहे, हे आधी एबिंगहाउसनेच सिद्ध केले होते.

विद्यापीठातली त्याची वाटचाल तितकी सुखाची नव्हती. १८८० पासून तो बर्लिन येथे शिकवत होता, १८८६ साली दुय्यम दर्जाचे प्राध्यापकपद मिळाले आणि तेथे त्याने प्रयोगशाळाही सुरू केली. १८९० साली आर्थर क्योनिग यांच्यासह त्याने मानसशास्त्र आणि ज्ञानेंद्रियांचे शरीरशास्त्र यांना वाहिलेले नियतकालिक काढले. वुंट यांच्या वर्तुळाबाहेरच्या संशोधकांना ते हक्काचे व्यासपीठ ठरले. तथापि, १८९४ मध्ये बर्लिनच्या मुख्य पदावर कार्ल श्टुम्फ यांना बोलावण्यात आले आणि एबिंगहाउस ब्रेस्लाऊ, म्हणजे आजच्या पोलंडमधील व्रोत्सवाफ, येथे गेला. त्याने फार थोडे लिहिले, हे यामागचे एक कारण सांगितले जाते. त्याच वर्षी बर्लिनचे तत्त्वज्ञ विल्हेल्म डिल्थाय यांनी मनाचे नैसर्गिक विज्ञानांच्या धर्तीवर स्पष्टीकरण देऊ नये, वर्णन करून ते समजून घ्यावे, असा निबंध लिहिला. एबिंगहाउसने त्याला दिलेले जाहीर उत्तर चांगलेच तिखट होते.

ब्रेस्लाऊ येथे त्याच्याकडे एक व्यावहारिक प्रश्न आला. शाळेतल्या सलग तासांमुळे मुलांची बुद्धी थकते का, हे नगरप्रशासनाला जाणून घ्यायचे होते. त्याने मुलांना गणिते दिली, अंक लक्षात ठेवायला लावले आणि तिसरी एक नवीच चाचणी योजली: उताऱ्यातील शब्द किंवा शब्दांचे तुकडे गाळायचे आणि मुलांनी अर्थ लावून ते भरायचे. १८९७ साली त्याने ही पद्धत प्रसिद्ध केली. थकव्यापेक्षा वेगळीच गोष्ट त्यातून पुढे आली. वर्गातल्या हुशार आणि कच्च्या मुलांतला फरक तिन्हींपैकी याच चाचणीत नीट उमटला. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांच्या बुद्धिमापनात ही तऱ्हा आली आणि आपल्या प्रश्नपत्रिकांतला ‘गाळलेल्या जागा भरा’ हा प्रश्न तिचाच जवळचा नातेवाईक म्हणावा लागेल.

१९०५ साली तो हाले येथे गेला. मानसशास्त्राला भूतकाळ दीर्घ असला तरी इतिहास छोटाच आहे, हे त्याचे वाक्य १९०८ च्या संक्षिप्त पाठ्यपुस्तकातले. त्याचा मोठा ग्रंथ मात्र पूर्ण झाला नाही. २६ फेब्रुवारी १९०९ रोजी न्यूमोनियाने वयाच्या ५९ व्या वर्षी त्याचे निधन झाले.

१८८५ च्या कोष्टकातला एक आकडा त्याला स्वतःलाच खटकला होता. पावणेनऊ तास ते एक दिवस या सुमारे पंधरा तासांत बचत फक्त २.१ टक्क्यांनी घटली होती आणि पुढच्या चोवीस तासांत मात्र जवळजवळ ६ टक्क्यांनी. काळ जातो तसा ऱ्हास मंदावतो, या नियमात हे बसत नव्हते. मधल्या पंधरा तासांत रात्रीची झोप येते, तिने विसरणे रोखले असेल का, हा विचार त्याने नोंदवला, पण तेवढ्याने आकड्यांचा मेळ बसत नाही म्हणून बाजूला ठेवला आणि दोष मापनातल्या चुकांवर टाकला. आकडा मात्र त्याने न बदलता छापला. १९२४ साली कॉर्नेल विद्यापीठात जेंकिन्स आणि डालेनबाख यांनी झोपेनंतर आणि जागेपणानंतर स्मरण तपासले, तेव्हा झोपेनंतर विसरणे स्पष्टपणे कमी आढळले. २०१५ साली ॲम्स्टरडॅम येथील मुरे आणि ड्रोस यांनी एबिंगहाउसचा प्रयोग त्याच्याच पद्धतीने पुन्हा केला. त्यातही अक्षरे घोकणारा माणूस एकच होता आणि त्याने त्यासाठी सुमारे ७० तास खर्ची घातले. वक्र जवळजवळ मूळ वक्रासारखाच आला आणि चोवीस तासांच्या बिंदूपाशी त्यालाही वरच्या दिशेने एक लहानसा उंचवटा होता.