खेळण्यातलं कॅश रजिस्टर आलं कुठून

कोल्हापुरात महाद्वार रोडला अजून कितीतरी दुकानांत मालक स्वतःच गल्ल्यावर बसतो, त्यामुळं नोकरानं पैसे मारू नयेत म्हणून मशीन लागतं हे आपल्याला लवकर पटत नाही, पण खेळण्यातल्या कॅश रजिस्टरचं, म्हणजे आकडा दाखवणाऱ्या गल्ल्याच्या मशीनचं, मूळ तिथंच आहे. अमेरिकेत ओहायोमधल्या डेटन गावी जेम्स रिटीचा बार होता आणि गिऱ्हाइकाचे पैसे परस्पर नोकरांच्या खिशात जायचे. बोटीवर त्यानं बोट ढकलणाऱ्या पंख्याचे फेरे मोजणारं यंत्र बघितलं, त्यावरून भावाच्या मदतीनं मशीन केलं आणि १८७९ ला पेटंट मिळालं. पहिल्या मॉडेलला ड्रॉवरच नव्हता, नुसती घड्याळासारखी तबकडी आणि दोन काटे! ड्रॉवर, घंटी हे सगळं नंतरचं. १८८४ ला जॉन पॅटरसननं ही मशीन बनवणारी कंपनी विकत घेऊन नॅशनल कॅश रजिस्टर नाव दिलं. घंटी वाजली की आतल्या खोलीतल्या मालकाला कळायचं गल्ला उघडला, वर आलेला आकडा गिऱ्हाइकाला दिसायचा, म्हणजे नोकरावर दोन साक्षीदार.

खेळणीवाल्यांनी नेमकं हेच उचललं, आणि मला तर त्यांची कमाल वाटते, कारण मोटर नाही, सेल नाही, फक्त पत्रा, तार आणि स्प्रिंग. बऱ्याच पत्र्याच्या मॉडेलात बटण म्हणजे तरफेचं एक टोक, ते दाबलं की दुसऱ्या टोकानं आकड्याची पट्टी वर उठते आणि एका आडव्या दांडीवर अडकून राहते, पुढचं बटण दाबलं की तीच दांडी जरा सरकते आणि जुना आकडा स्वतःच्या वजनानं खाली पडतो. कुठं त्याच दाबात तर कुठं बाजूचा दांडा ओढल्यावर हातोडी घंटीवर बसते, कडी सुटते, ड्रॉवर बाहेर. मिशिगनमधल्या वेस्टर्न स्टॅम्पिंगचं टॉम थंब हे या जातीतलं सगळ्यांत ओळखीचं.

अंकल सॅम रजिस्टर बँक, म्हणजे पैसे साठवायचा खेळण्यातला गल्ला, त्याहून भारी. ५, १० आणि २५ सेंटची नाणी घ्यायची, बेरीज स्वतः करायची, आणि १० डॉलर भरल्याशिवाय ड्रॉवर उघडायचा नाही. १९७४ ला फिशर प्राइस या खेळण्यांच्या कंपनीनं प्लास्टिकचं रजिस्टर आणलं, तीन रंगांची तीन मापांची नाणी, हँडल फिरवलं की घंटी. लहान पोरांसाठी मस्त, पण पत्र्याची मजा वेगळी.

आपल्या गावात कुणाला जुनं रजिस्टर मिळालं तर रंग उडालाय का हे नंतर बघा, आधी आकडे खाली पडतात का बघा. स्प्रिंग गेली असेल तर उद्यमनगरात कुणीतरी नक्की वळवून देईल, पण ती आडवी दांडी वाकली असेल तर ओढाताण करू नका, पत्रा तिथंच फाटतो.