दुखत नाही तेव्हाही दुकानात या
(आमच्या मेडिकलच्या गिऱ्हाइकांसाठी माहितीपत्रक)

काउंटरवर रोज कानावर पडणारी दोन वाक्यं आहेत. एक, "भाऊ, आंग लय दुखून रायलं, एखादी चांगली गोळी द्या ना." दुसरं, "बीपीची गोळी सोडली मी, आता काई तरास नाई." पहिल्या वाक्यावर आमच्यासारख्यांची दुकानं चालतात, हे कबूल करायला लाज नाही. दुसऱ्या वाक्याचा हिशोब मात्र दोन-चार वर्षांनी लकव्यात निघतो. हे पत्रक मुख्यतः या दोन वाक्यांबद्दल आहे. बाकी चार गोष्टी ओघात.

अंगदुखीची गोळी

निंदण, सोयाबीनची सोंगणी, कापसाची वेचणी या दिवसांत डायक्लोफेनॅक आणि एसिक्लोफेनॅकच्या पत्त्या भराभर संपतात. कंबर धरली, जेवणावर दोन-तीन दिवस गोळी घेतली, इथवर बहुतेकांचं निभून जातं. पण काही घरांत आजी सकाळच्या चहासोबत रोज एक घेते, महिनोन्‌महिने. याने पोटात अल्सर होतो, बीपी चढतं आणि मूत्रपिंडावर ताण पडतो. वय झालेलं, बीपी किंवा शुगर असलेलं, उन्हात घाम गाळून पाणी कमी प्यालेलं माणूस असेल तर धोका आणखी वाढतो. किडनी दुखून सांगत नाही. पायावर सूज येईपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

म्हातारी माणसं विचारतात, आपल्याकडची गिधाडं कुठं गेली? ती याच औषधाने गेली. डायक्लोफेनॅक दिलेली जनावरं मेली, ती गिधाडांनी खाल्ली आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. म्हणून 2006 मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर देशात बंदी आली. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही. तरी रोजची गोळी तोंडात टाकताना हे आठवलेलं बरं.

ताप किंवा साध्या दुखण्याला आधी पॅरासिटामॉल. मोठ्या माणसाने 500 ची गोळी एका दिवसात आठच्या वर कधीच नेऊ नये. रोज दारू घेणाऱ्याने किंवा लिव्हरचा त्रास असलेल्याने डॉक्टरला विचारूनच घ्यावी. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच. सर्दीची वेगळी, तापाची वेगळी असं करत तो आकडा नकळत गाठला जातो.

आणि बाजारातली 'गठियाची पुडी'. तिच्याने गुडघा दोन दिवसांत मोकळा होतो, कारण अशा पुड्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. पुढे चेहरा सुजतो, शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात. कुणी महिनोन्‌महिने घेत असेल तर एकदम बंदही करू नका, तेही धोक्याचं आहे. पुडी घेऊनच डॉक्टरला दाखवा.

बीपी आणि शुगर

वाढलेलं बीपी जाणवत नाही. डोकं दुखलं तर बीपी, नाही दुखलं तर नाही, हा गावातला हिशोब साफ चुकीचा आहे. वेगवेगळ्या दिवशी मोजून वरचा आकडा 140 किंवा खालचा 90 आणि त्यापुढे येत असेल, तर डॉक्टर गाठा. उपाशीपोटीची शुगर 126 किंवा जास्त असली तरी तेच. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा दोन्ही तपासावं. उपकेंद्रात ही तपासणी फुकट होते. आशाताई बोलवायला येतात तेव्हा "मले काय झालं?" म्हणून त्यांना परत पाठवू नका.

गोळी सुरू झाली की बीपी आटोक्यात येतं. ते गोळीमुळे आलेलं असतं, हेच लोक विसरतात आणि गोळी सोडतात. पैशांची अडचण असेल तर स्पष्ट सांगा. सरकारी दवाखान्यात बीपी आणि शुगरच्या साध्या गोळ्या मोफत मिळतात. जनऔषधी केंद्रात तेच औषध आमच्यापेक्षा स्वस्त असतं. गिऱ्हाईक तिकडे गेलं तर आमचं नुकसान आहे. पण गोळी बंद पडली तर तुमचं त्याहून मोठं आहे.

मीठ दिवसभरात माणशी एक सपाट चहाचा चमचा, म्हणजे 5 ग्रॅमच्या आत. यात लोणचं, पापड, ठेचा, कुरड्या सगळं आलं. फक्त भाजीतलं मोजून चालत नाही.

खर्रा

पायरीवर खर्रा (तंबाखू, सुपारी आणि चुना घोटून केलेला) थुंकून आत येणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे. पन्नीत घोटलेला खर्रा मात्र चौकाचौकात आहे, आणि आता शाळेच्या पोरांच्या खिशातही सापडतो. "मी तंबाखू कमी टाकायला सांगतो, सुपारीच जास्त असते" हे समाधान खोटं आहे. नुसत्या सुपारीनेही तोंडाचा कॅन्सर होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2004 मध्येच ते जाहीर केलं. सुपारीने गालाची आतली कातडी कडक होत जाते आणि तोंड उघडेनासं होतं.

आज घरी एक करून पाहा. आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का? अडली, किंवा तिखट लागताच तोंडाची आग होते, किंवा पांढरा-लाल चट्टा वा फोड पंधरा दिवसांत बरा होत नाही, तर दातांच्या डॉक्टरला दाखवा. सोडायचं असेल तर 1800112356 हा सरकारी क्रमांक आहे, फोन मोफत. आमच्याकडे निकोटिनची च्युइंगम मिळते, पण तिच्याआधी तो फोन करा.

ऊन, जुलाब, फवारा

मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की मजुरीची कामं सकाळी उरकायची, डोक्यावर ओला दुपट्टा, सोबत पाणी, ताक, पन्हं. एवढं इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. सांगावं लागतं ते पुढचं. उन्हातून आलेला माणूस असंबद्ध बोलतो, झटके येतात, अंग भट्टीसारखं तापलंय, तर तो उष्माघात. त्यावर तापाची गोळी काम करत नाही. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, काखेत आणि मानेवर ओली फडकी ठेवा, वारा घाला आणि 108 ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. अर्धी पुडी ग्लासभर पाण्यात ढवळून लेकराला पाजणं चूक आहे. एकदा केलेलं पाणी 24 तासांनी फेकून द्यायचं. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. जुलाब झालेल्या लेकराचं अंगावरचं दूध तोडू नका. डॉक्टरने झिंक लिहून दिलं असेल तर जुलाब थांबले तरी 14 दिवस पुरं करा.

फवाऱ्याचं फार लिहीत नाही. 2017 मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, ते कुणी विसरलेलं नाही. दोन-तीन औषधं मनाने एकत्र करू नका, वाऱ्याच्या उलट चालू नका, नोझल तोंडाने फुंकू नका, घरी आल्यावर साबणाने आंघोळ करा आणि ते कपडे लेकरांच्या कपड्यांत टाकू नका. मळमळ, लाळ, धूसर दिसणं सुरू झालं तर आमच्याकडे उलटीची गोळी मागायला येऊ नका. औषधाचा डबा घेऊन सरळ दवाखान्यात जा.

सोयरीक जुळवण्याआधी

विदर्भातल्या अनेक समाजांत सिकलसेल हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार आहे. वाहक असलेला माणूस धडधाकट असतो, त्याला कळतही नाही. नवरा-बायको दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. पत्रिका सगळे बघतात, रक्ताची चिठ्ठी कुणी बघत नाही. ही तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. मुला-मुलीचं लग्न ठरायच्या आधी करून घ्या. कुणी वाहक निघालं तर त्यात दोष नाही, लपवण्यासारखंही काही नाही.

आमच्या दुकानाचे नियम

चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देणार नाही, शेजारच्या दुकानात मिळत असलं तरी. डॉक्टरने पाच दिवसांचं लिहिलं असेल तर दोन दिवसांचंच द्या म्हणू नका. घरातल्या जुन्या पत्त्या आणून दाखवा. मुदत गेलेल्या बाजूला काढून देऊ आणि उरलेल्या कशाच्या आहेत ते मराठीत लिहून देऊ.

बीपी दुकानात मोजून देतो, पैसे नाहीत. आधी पाच मिनिटं बाकावर पाठ टेकून बसायचं. अर्ध्या तासात चहा किंवा खर्रा झाला असेल तर थांबावं लागेल. मोजताना बोलायचं नाही. आकडा चिठ्ठीवर तारखेसह लिहून देऊ. गोळी ठरवायचं काम डॉक्टरचं आहे, ते आम्ही करणार नाही. बाजाराच्या दिवशी गर्दी असते, म्हणून तो दिवस सोडून या.