गर्ल विथ अ पर्ल इअरिंग (चित्रपट)

डच चित्रकार योहानेस व्हर्मेर (१६३२–७५) याची चित्रशाळा व चित्रणपद्धती पडद्यावर उभी करणारा ऐतिहासिक कथापट (२००३). दिग्दर्शक पीटर वेबर, छायालेखक एदुआर्दो सेरा. ट्रेसी शेव्हलियर यांच्या १९९९ च्या कादंबरीवर आधारित. व्हर्मेरची भूमिका कॉलिन फर्थ यांनी, तर मोलकरीण ग्रीटची स्कार्लेट जोहान्सन यांनी केली. ग्रीट काल्पनिक आहे. द हेग येथील मॉरित्सहाउस संग्रहालयातील व्हर्मेरचे याच नावाचे मूळ चित्र (सु. १६६५) हे डच परंपरेतील ‘ट्रोनी’, म्हणजे विशिष्ट व्यक्तीचे नव्हे तर मुखवैशिष्ट्याचे चित्र मानले जाते.

व्हर्मेर ग्रीटला कॅमेरा ऑब्स्क्युरामध्ये (भिंगातून समोरील दृश्याची प्रतिमा पाडणारी अंधारी पेटी) डोकावायला लावतो, तो प्रसंग व्हर्मेर हे यंत्र वापरत होता का, या जुन्या वादातून आला आहे. अभ्यासक फिलिप स्टेडमन यांनी २००१ मध्ये चित्रांतील खोल्यांची भूमिती मांडून या यंत्राच्या वापराचा पुरस्कार केला. व्हर्मेरच्या मृत्यूनंतर १६७६ मध्ये झालेल्या मालमत्तेच्या यादीत मात्र असे यंत्र नाही. शिवाय चित्रसंवर्धक योर्गेन वाडम यांना अनेक चित्रांच्या लोपबिंदूपाशी (खोलवर जाणाऱ्या रेषा जिथे मिळतात तो बिंदू) टाचणीचे छिद्र आढळले. टाचणीला खडू लावलेला दोरा बांधून, सुतार सूत मारतो तशा यथादर्शनाच्या (खोलीचा आभास देणाऱ्या) रेषा पाडल्या जात असाव्यात. यंत्राने प्रकाशाकडे पाहण्याची दृष्टी दिली, रेखन मात्र हाताचे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. चित्रपटही यंत्राला याहून मोठे श्रेय देत नाही.

रंग घोटण्याची दृश्ये चित्रपटात सर्वांत भरीव आहेत. माळ्यावर ग्रीट दगडी पाट्यावर रंगद्रव्ये वाटते. उपरोक्त यादीतही माळ्यावर रंग घोटण्याचे दगडी मेज व दगड नोंदलेले आहेत. निळ्या अल्ट्रामरीनसाठी लागणारा राजावर्त (लॅपिस लाझुली हा निळा दगड) अफगाणिस्तानातील बदख्शानहून येई.

पिवळ्या रंगाबाबत मात्र पटकथा घसरते. मेजवानीत आश्रयदाता व्हान राउव्हेन आपल्या पत्नीच्या चित्रातील पिवळा रंग आंब्याची पाने खाणाऱ्या गायींच्या मूत्राचा असल्याचे बोलतो. हा ‘इंडियन यलो’, अर्थात पिउरी. तिची माहिती प्रामुख्याने त्रैलोक्यनाथ मुखर्जी यांच्या १८८३ च्या वृत्तांतातून मिळते. त्यांनी बिहारमधील मुंगेरजवळच्या मिर्झापूरच्या गवळ्यांना ती करताना पाहिले होते. पुढे रंगांच्या इतिहासाच्या लेखिका व्हिक्टोरिया फिनले यांनी या वृत्तांतावर शंका घेतली. अलीकडील रासायनिक विश्लेषणात जुन्या नमुन्यांत गायीसारख्या प्राण्यांच्या मूत्रात असणारे हिप्प्युरिक अम्ल आढळल्याने मुखर्जींचे म्हणणे बळकट झाले आहे. तरीही युरोपीय चित्रांत पिउरीचा प्रसार साधारणतः अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनचा, आणि व्हर्मेरच्या चित्रांतील पिवळी जाकिटे शिसे व कथिल यांच्या संयुगाची आहेत. संवाद लक्षात राहतो, पण काळाशी जुळत नाही.

प्रत्यक्षातील पीटर व्हान राउव्हेन व्हर्मेरचा प्रमुख ग्राहक असावा. चित्रपटातील त्याच्या दुर्वर्तनाला कागदपत्रांचा आधार नाही.

छायालेखन, कलादिग्दर्शन व वेशभूषा यांसाठी चित्रपटाला ऑस्कर नामांकने मिळाली. डाव्या खिडकीतून येणारा मंद उजेड सेरा यांनी फार प्रेमाने टिपला आहे. ढगांचा रंग कोणता, या प्रश्नाला ग्रीट आधी ‘पांढरा’ म्हणते. मग निरखून पाहते आणि पिवळा, निळा, करडा हे रंग सांगते. व्हर्मेरच्या सावल्यांतील रंग समजावणारे याहून नेमके दृश्य चित्रपटात नाही.

२०१८ मध्ये मूळ चित्राच्या झालेल्या परीक्षणात काळी भासणारी पार्श्वभूमी हा हिरवा पडदा होता, असे दिसून आले. पापण्यांचे बारीक केसही आढळले. चित्रपटात ग्रीटचा कान टोचला जातो. चित्रातल्या मोत्याला मात्र कानात अडकवायची कडीच नाही. पांढऱ्या रंगाचे काही फटकारे, एवढाच तो मोती आहे.