खाणकामगारांचा वेगवान सोबती : व्हिपेट

एकोणिसाव्या शतकात उत्तर इंग्लंडमधील डरहॅम, यॉर्कशायर आणि लँकेशायर या कोळशाच्या खाणींच्या व कापडगिरण्यांच्या मुलखात कामगार व्हिपेट जातीच्या कुत्र्यांच्या शर्यती भरवत असत. साधारण २०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे १८३ मीटरच्या सरळ धावपट्टीच्या एका टोकाला उभा असलेला माणूस कुत्र्याला मानेची कातडी आणि शेपटीचे मूळ धरून उचलून घेई आणि पिस्तुलाचा बार होताच त्याला अक्षरशः धावपट्टीवर फेकी. दुसऱ्या टोकाला मालक चिंधी किंवा टॉवेल फडकावत त्याला हाका मारत उभा असे. वजनाने भारी असलेल्या कुत्र्याला थोडे मागून सुटावे लागे. रेसचा घोडा बाळगणे ज्यांच्या स्वप्नातही नव्हते, त्यांनी जोपासलेल्या या कुत्र्याला ‘गरिबांचा रेसचा घोडा’ हे नाव पडले, आणि ते मला सर्वार्थाने योग्य वाटते.

ग्रेहाउंडच्या लहान चणीच्या कुत्र्यांपासून, त्यांत टेरियरचे रक्त मिसळून, ही जात घडत गेली. हे कुत्रे सशाची शिकारही करत आणि त्यामुळे कामगाराच्या घरी कधीमधी मटणाचा रस्सा शिजे. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या इंग्लंडच्या केनेल क्लब या संस्थेने १८९१ मध्ये या जातीला मान्यता दिली. व्हिपेट नराची खांद्यापर्यंतची उंची ४७ ते ५१ सेंटिमीटर असते. मराठवाड्यात दिसणारा आपला कारवान जातीचा शिकारी कुत्रा चांगलाच उंच असला, तरी खोल छाती, आत ओढलेले पोट आणि लांबट तोंड ही ठेवण दोघांचीही तीच, कारण दोघेही वासापेक्षा नजरेच्या बळावर सावज गाठणारे आहेत.

व्हिपेट ताशी सुमारे ५५ किलोमीटर वेगाने धावू शकतो. त्याचा पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकतो आणि ताणला जातो, त्यामुळे प्रत्येक झेपेत त्याचे चारही पाय दोनदा जमिनीपासून सुटतात : एकदा पाय पोटाखाली गोळा झालेले असताना आणि एकदा पुढेमागे पूर्ण पसरलेले असताना. दौडणारा घोडा मात्र एका टप्प्यात एकदाच हवेत असतो.

या वेगामागची एक विलक्षण गोष्ट २००७ मध्ये अमेरिकी संशोधकांनी उलगडली. स्नायूंची वाढ आटोक्यात ठेवणारे मायोस्टॅटिन नावाचे प्रथिन ज्या जनुकावरून तयार होते, त्यातील जनुकीय लिपीची दोन अक्षरे काही व्हिपेटमध्ये गळालेली आढळली. या बदलाची एकच प्रत मिळालेला कुत्रा जरा अधिक पीळदार होतो, आणि शर्यतीत अव्वल ठरणाऱ्यांमध्ये असे कुत्रे अधिक होते. पण असे नर-मादी एकत्र आले, की सरासरी चारांतील एका पिलाला दोन्ही प्रती मिळतात आणि ते पहिलवानासारख्या फुगलेल्या मांड्यांचे, रुंद मानेचे निघते. ब्रीडर त्याला ‘बुली व्हिपेट’ म्हणतात. दिसायला तो दांडगा वाटला, तरी त्याला खांद्यात आणि मांडीत गोळे येण्याचा त्रास संभवतो. वेगवान तेवढे निवडत गेलेल्या माणसाने हा बदल नकळत सांभाळला, वाढवला, आणि त्याची किंमत काही पिलांच्या माथी आली, हे मला विसरता येत नाही.

मैदानात वाऱ्याशी स्पर्धा करणारा हा कुत्रा घरात कमालीचा शांत असतो. तो क्वचितच भुंकतो, अनोळखी माणसावर धावून जात नाही आणि दिवसाचा मोठा भाग झोपेत घालवतो. मात्र समोरून ससा किंवा मांजर पळाले, की मालकाची हाक त्याच्या कानांपर्यंत पोहोचत नाही, म्हणून रहदारीच्या रस्त्यावर त्याला पट्ट्याशिवाय सोडणे धोक्याचे ठरते. अंगावर चरबी नाममात्र आणि कातडी पातळ असल्यामुळे काटेरी झुडपानेही त्याला जखम होते, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी पशुवैद्याला भुलीचे औषध विचारपूर्वक निवडावे लागते. थंडी तर त्याला मुळीच सोसत नाही. हिवाळ्याच्या रात्री नाकाने पांघरूण उचलून तो हळूच माणसाच्या कुशीत शिरतो आणि पाय दुमडून तिथेच झोपी जातो.