स्नोप्लाउ (स्कीइंग)

उतारावरच्या स्कीइंगमध्ये नवशिक्याला वेग आवरणे, थांबणे आणि वळणे शिकवणारी पहिली पद्धत. स्कींची, म्हणजे पायांना बांधलेल्या लांब पट्ट्यांची, पुढची टोके जवळ आणि मागची लांब ठेवली की पाचरीचा आकार होतो. रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारणाऱ्या नांगरावरून तिला हे नाव मिळाले. लहान मुलांना हाच आकार ‘पिझ्झाचा तुकडा’ म्हणून सांगतात.

टाचा बाहेर ढकलल्या की स्कींच्या आतल्या कडा बर्फाला धरतात. पाचर जितकी रुंद, तितका वेग कमी. पुढची टोके मात्र एकमेकांवर चढू द्यायची नाहीत; त्यांच्यात मूठभर अंतर हवे. वळण्यासाठी भार एका पायावर न्यायचा. पाचरीत उजवी स्की आधीच डावीकडे तोंड करून असते, म्हणून उजव्या पायावर भार दिला की माणूस डावीकडे वळतो. पहिल्या दिवशी हे उलटे वाटते, पण पाच-सहा वळणांत पायांना कळते.

खरी अडचण भीतीची असते. सह्याद्रीत घसाऱ्यावरून उतरताना आपण मागे रेलतो, वेळ पडली तर बूड टेकवतो. तीच सवय बर्फावर घात करते: भार टाचांवर गेला की स्कींचा पुढचा भाग हलका होतो, कडा धरत नाहीत आणि स्की पायाखालून पळतात. गुडघे वाकवून नडगी बुटाच्या पुढच्या जिभेवर दाबलेली राहिली पाहिजे, हात पुढे दिसत राहिले पाहिजेत आणि नजर स्कींच्या टोकांवर नको, दूर हवी. एवढी एक गोष्ट जमली तर बाकीचे निम्मे आपोआप जमते. तोल गेलाच तर मागे न बसता कुशीवर, चढाच्या बाजूला पडावे. उठताना आधी स्की उताराला आडव्या करून घ्याव्यात, नाहीतर उभे राहताच त्या पुन्हा सुटतात. पुढे असलेल्याला जपण्याची जबाबदारी मागून येणाऱ्याची, हा नियम पहिल्या घसरणीआधीच माहीत हवा.

नॉर्वेतून आल्प्समध्ये आलेल्या स्कीइंगला तीव्र उतारांसाठी वेगळे तंत्र लागले. ते 1890च्या दशकात ऑस्ट्रियातल्या लिलियनफेल्ड येथे माटियास झडार्स्की यांनी बसवले. ते एकच लांब काठी वापरत. ऑस्ट्रियातल्याच आर्लबर्ग भागातल्या सांक्ट अँटोन येथे 1907पासून शिकवणाऱ्या हानेस श्नायडर यांनी स्नोप्लाउपासून पुढच्या वळणांपर्यंत पायऱ्या लावून दिल्या. त्यांची ‘आर्लबर्ग पद्धत’ जगभर पसरली. भारतात गुलमर्ग आणि औली येथील नवशिक्यांच्या उतारांवरही धडा पाचरीपासूनच सुरू होतो.

मऊ, सौम्य उतारावर ही पद्धत उत्तम. तीव्र किंवा गोठून कडक झालेल्या उतारावर कडा टिकत नाहीत आणि मांड्या लवकर भरून येतात. मग वळण पाचरीने सुरू करायचे आणि शेवटी दोन्ही स्की समांतर जुळवायच्या, ही पुढची पायरी.