अमेरिकन गोधडी चिंध्यांतून जन्मली नाही

अमेरिकेतल्या पहिल्या वसाहतकऱ्यांच्या बायका जुन्या कपड्यांच्या चिंध्या जोडून क्विल्ट, म्हणजे तिकडची गोधडी, शिवत, ही गोष्ट गोड आहे पण खरी नाही. तेव्हा कापड महाग होतं. क्विल्ट आढळते ती मुख्यतः सधन घरांच्या मालमत्तेच्या याद्यांत. बाकीचे लोकरीच्या ब्लँकेटवर भागवत. तुकडेजोडणीची खरी लाट आली ती मॅसॅच्युसेट्समधल्या लॉवेलसारख्या गावांतल्या कापड गिरण्यांनी सुती कापड स्वस्त केल्यावर. १८४०च्या दशकातली बाल्टिमोरची अल्बम क्विल्ट, म्हणजे वेगवेगळ्या चित्रांचे चौकोन जोडून केलेली गोधडी, जवळून पाहा: कोऱ्या पांढऱ्या कापडावर लाल-हिरव्या फुलांच्या परड्या, बारीक टाक्यांनी बसवलेल्या. हे उरल्यासुरल्याचं काम नव्हेच! आणि गिरण्यांना लागणारा कापूस दक्षिणेत गुलामांच्या हातांनी वेचला जाई, हे काटकसरीच्या कथेत कुणी सांगत नाही.